झटके थांबले, फिट थांबली का?

रुग्ण ४१ वर्षांची गृहिणी, कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका गावातली. सकाळी ७.२० ला आमच्याकडे आणली तेव्हा उजवा हात लुळा होता, तोंडाची उजवी कड किंचित ओघळलेली होती आणि बोलणं पूर्ण बंद होतं. हाक मारली की डोळे उघडायची, क्षणभर पाहायची, पुन्हा मिटायची. पहाटे दोनदा मोठी फिट येऊन गेली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन दिल्यावर झटके थांबले आणि '१०८'ने तिला तालुक्याच्या गावी, आमच्या रुग्णालयात पाठवलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याला तिची आणि घरच्यांची संमती आहे.)

मी इथे फिजिशियन आहे. फिटचे रुग्ण इथे कमी नाहीत. पण फिट म्हणजे झटके आणि झटके थांबले म्हणजे फिट संपली, ही समजूत घरांत आहे तशीच दवाखान्यांतही आहे. त्यानंतरच्या तासांत मेंदूत काय चाललंय ते कोणी मोजायला जात नाही. 'दमलीय, झोपू द्या' म्हणून पडदा ओढून घेतला जातो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. या बाईच्या बाबतीत मात्र त्या तासांत काय चाललं होतं, ते ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या चाचणीच्या, आलेखाने दाखवलं. तो आलेख नेहमीइतकाच वेळ काढला असता, तर तेही कळलं नसतं.

आधीचा इतिहास

पहिली फिट वयाच्या २९ व्या वर्षी. तेव्हाच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या कानशिलामागच्या भागात, टेम्पोरल लोबमध्ये, चुन्याचा एक छोटा ठिपका दिसला होता. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन मेली आणि तिथे असा खडा राहिला, असं निदान. घरात डुकराचं मांस कधी आलेलंच नाही, मग हे कसं, हा प्रश्न या कुटुंबाने तेव्हाही विचारला होता आणि आताही विचारला. उत्तर असं की मेंदूतला हा आजार मांसातून येत नाही. ज्याच्या आतड्यात तो कृमी आहे त्याच्या विष्ठेतली अंडी दूषित पाण्यातून, नीट न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही तो होतो.

फिट रोखणाऱ्या कार्बामाझेपिनची ४०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. तीन वर्षं एकही फिट नव्हती.

मग हरतालिका आली. निर्जळी उपास, म्हणून सकाळची आणि रात्रीची गोळी नाही. रात्री जागरण आणि दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याची तयारी. चतुर्थीला पहाटेपासून सोवळं, पूजा, मोदक, मुंबईहून आलेले चाकरमानी, वीस-पंचवीस माणसांचं जेवण. गोळ्यांची डबी कपाटातच. रात्री वाडीतलं भजन दोन वाजेपर्यंत. ऋषीपंचमीला पहाटे साडेचारला ती कंदमुळाच्या भाजीची तयारी करायला उठली, तेव्हा शेवटच्या गोळीला दोन दिवसांहून जास्त वेळ होऊन गेला होता आणि झोप सलग दोन रात्री मोडलेली होती. फिट यायला यातलं एकेक कारणही पुरतं.

५.१० ला पहिली फिट. पुतणी तिथेच होती. तिने सांगितलेला एक तपशील मी लगेच लिहून घेतला: काकीची मान आधी उजवीकडे वळली, मग उजवा हात ताठला, मग सगळं अंग. म्हणजे सुरुवात मेंदूच्या डाव्या बाजूने झाली. झटके दोन मिनिटांच्या आसपास चालले. मग कांदा फोडून नाकाशी, हातात लोखंडी किल्ली, आणि कोणीतरी तोंडात पाणी ओतण्याचा प्रयत्न. पुतणीने तो हात मागे ओढला.

तिने तो ओढला, याचं मोल मला सांगायचं आहे. मोठ्या फिटनंतरची पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यांत धोक्याची असतात आणि घरी त्या वेळी मेंदूचा आलेख कोणी काढत नसतो. फिटच्या रुग्णांना दाखल करून दिवसरात्र नोंद घेणारी केंद्रं जगभर आहेत, त्यांच्या आलेखांवरून हे कळलं आहे. पूर्ण अंगाची फिट संपते त्या क्षणी अनेकांच्या आलेखातल्या लाटा जवळजवळ नाहीशा होतात. डोक्याच्या सगळ्या भागांत वीज १० मायक्रोव्होल्टच्या खाली जाते, काही सेकंद किंवा एखादं मिनिट, कधी त्याहूनही जास्त. २०१० साली झालेल्या एका अभ्यासात ही सपाटी ५० सेकंदांपुढे गेली तर पुढे अचानक मृत्यूचा धोका वाढतो असं आढळलं होतं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला असं नाही, म्हणून तो आकडा मी कोणाला भीती घालायला वापरत नाही. २०१३ मध्ये मात्र अशा केंद्रांत प्रत्यक्ष घडलेल्या मृत्यूंच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. मृत्यू बहुतेक रात्रीचे होते, मोठ्या फिटनंतरचे होते, आणि नोंदींत श्वास आधी थांबला होता, हृदय नंतर. म्हणून झटके थांबताच माणसाला कुशीवर वळवायचं, पालथं पडू द्यायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, आणि श्वास सुरळीत होईपर्यंत शेजारून हलायचं नाही. कांदा आणि किल्ली यांनी इजा होत नाही, पण त्या गडबडीत श्वासाकडे कोणाचं लक्ष राहत नाही.

दुसरी फिट आरोग्य केंद्राच्या दारात, ५.५५ ला. मधल्या पाऊण तासात ती शुद्धीवर आली नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता मांडीत मिडाझोलाम हे फिट थांबवणारं, गुंगीचं इंजेक्शन १० मिलिग्रॅम दिलं आणि सहाच्या सुमारास झटके थांबले.

सकाळचा पेच

"लकवो मारलो काय हिका?" नवऱ्याचा पहिला प्रश्न हाच होता आणि तो रास्त होता. उजवा हात पडलाय, वाचा गेलीय, तोंड ओघळलंय, हे पक्षाघाताचंच चित्र आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं तर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ पहाटेपासून चालू होतं. दुसरीकडे फिटनंतर हातपाय काही काळ लुळे पडणं हेही जुनं, ओळखीचं आहे. रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरांनी १८४९ मध्ये लंडनमधल्या व्याख्यानांत त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. अर्ध्या तासापासून दीड दिवसापर्यंत तो टिकू शकतो आणि आपोआप ओसरतो.

रक्तातली साखर ९६, ऑक्सिजन व्यवस्थित, ताप नाही. सोडियम १३१, थोडं कमी. कार्बामाझेपिनने ते कमी होऊ शकतं. सीटीत जुना चुन्याचा ठिपका जिथल्या तिथे, रक्तस्राव नाही. त्याच वेळी रक्तवाहिन्यांचंही चित्रण केलं, कुठलीही मोठी वाहिनी बंद नव्हती. सुरुवात डोळ्यांदेखत फिटने झालेली, मान उजवीकडे वळलेली, ठिपका डावीकडे. सगळं एकाच जागेकडे बोट दाखवत होतं. गुठळीचं औषध दिलं नाही.

एका वयस्क नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "भायरचा काय तरी आसतला." गावकरी गाऱ्हाणं घालायला तयार होते. मी त्यांना गाऱ्हाणं जरूर घाला म्हणालो, फक्त तिला इथून हलवू नका. श्रद्धेशी भांडून रुग्ण वाचत नाही, आणि त्या माणसाच्या आवाजात काळजीच होती.

पुतणीचा कागद

नऊनंतर ती सुधारू लागली. ९.०५ ला "पाणी" म्हणाली. ९.२० ला नवऱ्याकडे बघून "आरती झाली?" असं विचारलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. आम्हीही धरून चाललो की फिटनंतरची गुंगी आता उतरते आहे, वर मिडाझोलामची झोप आहे, ती दुपारपर्यंत जाईल.

पुतणी बारावीत शिकते. तिने सकाळपासून एका वहीच्या कागदावर वेळा लिहून ठेवल्या होत्या. पावणेअकराला तो कागद घेऊन ती नर्सकडे गेली आणि म्हणाली, "काकी मधीच बरी दिसता, मगे परत तशीच जाता." कागदावर होतं: ९.४० ला बोलायची थांबली, एकटक बघते. १०.१५ ला मला ओळखलं. १०.४० ला परत नाही.

ही नोंद या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा आहे, आलेखाइतकाच. फिटनंतरची गुंगी असेल तर माणूस पायरी पायरीने वर येतो. वेग कमी-जास्त असेल, एखाद्या पायरीवर तो रेंगाळेल, झोपेलही, पण उठवल्यावर आधीच्या पायरीच्या खाली सहसा जात नाही. इंजेक्शनची झोपही अशीच एका दिशेने उतरते. वर येऊन पुन्हा खाली जाणं, पुन्हा वर येणं, हे दोन्हींत बसत नाही.

मोठी फिट लांबते तेव्हा झटके थांबल्यावरही आत वीज चालूच राहू शकते. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फिटची अखंड मालिका औषधाने आटोक्यात आल्यानंतर १६४ रुग्णांचा आलेख २४ तास चालू ठेवला होता. बाहेरून झटके संपलेले असताना ४८ टक्के रुग्णांच्या आलेखात फिटची वीज पुन्हा दिसली, आणि १४ टक्क्यांमध्ये ती झटक्यांशिवायच सलग चालू होती. ते रुग्ण हिच्याहून बरेच गंभीर होते, ते प्रमाण सरसकट इथे लावता येणार नाही. पण शंका घ्यायला एवढं पुरे.

आलेख

ईईजी सव्वाअकराला सुरू झाला. आमच्या तंत्रज्ञाच्या घरीही गणपती होता, तो पूजेच्या कपड्यांतच आला. डोक्यावर ठरलेल्या जागांवर तारा चिकटवायच्या आणि मेंदूच्या पृष्ठभागाजवळची वीज टिपायची, ही पद्धत जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी शोधली. माणसाचा पहिला आलेख त्यांनी १९२४ मध्ये काढला आणि १९२९ मध्ये जगासमोर ठेवला. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

जागा माणूस डोळे मिटून शांत पडला की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लाटांची लय दिसते, तिला अल्फा म्हणतात. सेकंदाला चारहून कमी लाटा म्हणजे डेल्टा. गाढ झोपेत त्या सर्वांनाच येतात, जागेपणी मोठ्या माणसात येऊ नयेत. फिटनंतरच्या मेंदूची मुख्य खूण हीच डेल्टा असते. मोठी फिट असेल तर दोन्ही बाजूंना, एका जागेतून उठलेली असेल तर त्या जागेभोवती जास्त.

या बाईच्या उजव्या बाजूला सेकंदाला साडेसात ते आठची लय होती, थोडी मंद पण धड, आणि नावाने हाक मारली की ती बदलायची. डाव्या कानशिलावर दीड ते अडीचच्या वेड्यावाकड्या, उंच डेल्टा लाटा. पुढच्या भागात बारीक, वेगवान बीटा लाटा, त्या मिडाझोलामच्या. फिटची खूण मानली जाणारी टोकदार लाट एकही नाही. वीस मिनिटं हेच चित्र राहिलं.

नेहमीचा ईईजी वीस ते तीस मिनिटांचाच असतो. इथे थांबलो असतो तर अहवालात 'फिटनंतरची मंदता, डावीकडे' असं आलं असतं आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नसता. अडचण अशी की मंद लाटा फिट होऊन गेल्याचं सांगतात, ती कितीदा झाली आणि शेवटची केव्हा, हे सांगत नाहीत. कौलारू घरात बसून नुसत्या पागोळ्यांच्या आवाजावरून बाहेर पाऊस चालू आहे की आत्ताच थांबला, हे सांगता येत नाही, तसंच हे आहे. दारात जाऊन काही वेळ उभं राहावं लागतं. पुतणीचा कागद समोर होता. त्यातली अंतरं अर्ध्या तासाच्या आसपासची होती. आम्ही तारा काढल्या नाहीत.

एकतिसाव्या मिनिटाला डाव्या कानशिलावरच्या त्या उंच लाटा एकदम बसल्या. दोन सेकंद जवळजवळ काहीच नाही. मग त्याच जागी सेकंदाला पाच-सहाची बारीक, नियमित लय सुरू झाली. ती उंच होत गेली, कपाळाकडे पसरली, हळूहळू तीनवर आली. वेग, उंची आणि जागा, तिन्ही बदलत गेले. आलेखात फिट ओळखायची ती याच क्रमाने होणाऱ्या बदलावरून. नुसती मंदता असती तर लाटा तशाच रेंगाळत राहिल्या असत्या. ऐंशी सेकंद हे चाललं.

खाटेवर तेवढ्या वेळात काय दिसलं? पाहणाऱ्याला फिट म्हणून ओळखू येईल असं काहीच नाही. तिची नजर एका जागी थांबली. ओठ चावल्यासारखे हलू लागले. डावा हात पदराच्या काठाशी चाळा करत राहिला, उजवा तसाच पडून. वॉर्डातल्या मावशी शेजारी उभ्या होत्या, त्यांना वाटलं ती पदर सावरते आहे.

लय थांबली तशी डावी बाजू काही सेकंद पुन्हा बसली, आणि मग डेल्टा परत आली, आधीपेक्षा उंच आणि आधीपेक्षा मंद. हाक मारली तर उत्तर नाही. पुढच्या दहा-बारा मिनिटांत लाटा थोड्या वेगवान झाल्या आणि तिने डोळे आमच्याकडे वळवले. म्हणजे आम्ही सकाळपासून जिला एक लांबलेली गुंगी समजत होतो, त्या अनेक गुंग्या होत्या. प्रत्येक छोट्या फिटनंतर ती नव्याने खाली ढकलली जात होती आणि वर येईपर्यंत पुढची फिट येत होती.

फिट संपल्यावर तिने डाव्या हाताने नाक पुसलं. टेम्पोरल लोबच्या फिटनंतर माणूस बहुधा त्याच बाजूच्या हाताने नाक पुसतो, ही मेंदूविकारतज्ज्ञांच्या उपयोगाची खूण आहे. इथे तिला मी वजन दिलं नाही, कारण उजवा हात उचलतच नव्हता. पुसायचं तर डाव्यानेच.

बावन्नाव्या मिनिटाला दुसरी, तशीच. आलेखाची फाइल कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवली होती, ते दुसरी फिट चालू असतानाच फोनवर आले आणि आमचं वाचन बरोबर असल्याचं त्यांनी सांगितलं. पावसात घाट, महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्या, अशा दिवशी तिला तिकडे हलवायचं म्हणजे वाटेत चार-पाच तास आणि सोबत आलेख नाही. आम्ही इथेच उपचार सुरू केले.

मिडाझोलामच्याच जातीचं लोराझेपाम २ मिलिग्रॅम शिरेतून, पाच मिनिटांनी आणखी २. श्वासावर आणि ऑक्सिजनवर सतत लक्ष. पाठोपाठ फिट रोखणारं लेव्हेटिरासिटाम ३००० मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांत. वजन ५५ किलो होतं, किलोमागे ६० मिलिग्रॅमचा हिशेब ३३०० पर्यंत जातो. आम्ही किंचित खाली थांबलो.

पुढचे दोन तास तारा तशाच ठेवल्या. फिट पुन्हा उठली नाही. बाई गाढ झोपली होती आणि बाहेर नातेवाईक घाबरले होते, कारण सकाळी निदान दोन शब्द तरी बोलत होती. त्या दोन तासांत आलेखाखेरीज दुसरं काहीही मला खरं सांगू शकलं नसतं. बीटा वाढली होती, ती औषधाची. डावी डेल्टा होती, पण प्रत्येक अर्ध्या तासाला थोडी कमी, थोडी वेगवान. एकाच दिशेने. म्हणून आणखी गुंगीचं इंजेक्शन द्यायचं नाही हा निर्णय निर्धास्तपणे घेता आला. फिट चालू असताना 'दमलीय' म्हणून सोडून देणं जितकं वाईट, तितकंच फिट संपली असताना भीतीपोटी औषध ओतत राहून श्वास बंद पाडणं वाईट. आलेखाशिवाय या दोन्हींतला फरक खाटेशी उभं राहून अनेकदा कळत नाही, आणि तो अंदाजाने ठरवावा हे मला पटत नाही.

मेंदू इतका वेळ गप्प का राहतो

टॉड आणि त्यांच्या नंतरच्या डॉक्टरांना वाटे की पेशी थकतात. हे सोपं आहे आणि काही अंशी खरंही असेल, पण पुरेसं नाही. फिट आपोआप थांबते, ती मेंदूच थांबवतो. फिटच्या वेळी पेशींना शांत करणारी दोन रसायनं, अडेनोसिन साचतं आणि गाबा जोर धरतं, पेशींबाहेरचं पोटॅशियम वाढून पुन्हा जागेवर येत असतं. ज्या यंत्रणेने आग विझवली तिचा जोर फिट संपल्यावरही काही काळ राहतो आणि शेजारचं चांगलं काम करणारं क्षेत्रही दाबलं जातं. बोलण्याचं केंद्र बहुतेक माणसांत डावीकडे असतं. म्हणून डावीकडची फिट वाचा नेते.

यात अलीकडे एक महत्त्वाची भर पडली आहे. कॅनडातल्या कॅल्गरीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की फिटनंतर त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला ऑक्सिजन तासाभरापेक्षा जास्त काळ धोकादायक पातळीवर उतरतो. फिट झालेल्या माणसांतही त्या जागचा रक्तपुरवठा घटलेला आढळला आहे. कॉक्स-२ नावाचं विकर आणि रक्तवाहिन्यांतली कॅल्शियमची दारं यात गुंतलेली आहेत. ती अडवणारी औषधं आधी दिली तर उंदरांत ही घट टळली. माणसांसाठी तो अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. पण फिटनंतरचा लुळेपणा म्हणजे निव्वळ थकवा आहे, त्याने काही बिघडत नाही, असं बेफिकिरीने म्हणणं मी तेव्हापासून सोडून दिलं आहे. या बाईच्या डाव्या कानशिलाला पहाटेपासून दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा तोच ताण बसत होता.

उतार

चारच्या सुमारास तिने मान हलवून होय-नाही सांगितलं. संध्याकाळी हात उचलला, आठ वाजेपर्यंत पकड जवळजवळ बरोबरीची झाली. सकाळी सहाला झटके थांबल्यापासून मोजलं तर लुळेपणा चौदा तास टिकला. पण शेवटची फिट दुपारी बाराच्या पुढची होती, म्हणून खरा हिशेब आठ तासांचा.

वाचा सगळ्यांत उशिरा आली. रात्री नऊला किल्ली दाखवली तर म्हणाली, "ता... दार उघडूचा ता." वस्तू ओळखली होती, उपयोग माहीत होता, नाव सापडत नव्हतं. चेहऱ्यावर केवढा संताप! मी तिला सांगितलं की नाव हरवलेलं नाही, तिथे पोचायची वाट अजून पूर्ण मोकळी झालेली नाही, उद्या होईल. सकाळी चहा घेताना तिने मला न विचारता पाच-सहा वस्तूंची नावं सांगितली.

दुसरा आलेख पहिल्या फिटनंतर तिसाव्या तासाला काढला. मागची लय दोन्हीकडे नऊवर आली होती. डाव्या कानशिलावर डेल्टा सलग नव्हती, मधूनमधून छोट्या, नियमित तुकड्यांत येत होती. टेम्पोरल लोबमधून फिट उठणाऱ्यांत दिसणारी ही खास जातीची डेल्टा. शिवाय आदल्या दिवशी मंद लाटांखाली झाकलेल्या टोकदार लाटा आता स्पष्ट दिसत होत्या, नेमक्या ठिपक्याच्या जागेवर. तीन आठवड्यांनी तिसरा आलेख जागेपणी स्वच्छ निघाला. झोप लागल्यावर एकच टोकदार लाट.

आपल्याकडे 'सगळं निवळू द्या, मग महिन्याभराने ईईजी करू' अशी पद्धत पडली आहे. तिला माझा विरोध आहे. पहिल्याच फिटनंतर आलेल्या रुग्णांवर १९९८ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात, चोवीस तासांच्या आत काढलेल्या ५१ टक्के आलेखांत फिटची खूण सापडली. त्यानंतर काढलेल्यांत ३४ टक्के. रुग्ण मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात तारीख मिळवून पोचेपर्यंत ती खूण विरून जाते आणि 'ईईजी नॉर्मल' असा कागद घेऊन घरी येतो. मग घरचे गोळ्या बंद करतात.

घरी पाठवताना आणखी एक गोष्ट नवऱ्याला आणि पुतणीला बसवून सांगितली. ओळीने बऱ्याच फिट झाल्या की काही वेळा असं होतं: माणूस पूर्ण बरा होतो, एक-दोन दिवस, कधी आठवडाभर, नीट वागतो-बोलतो, आणि मग अचानक त्याला झोप लागेनाशी होते, संशय येऊ लागतो, आवाज ऐकू येतात, देवाच्या किंवा मरणाच्या गोष्टी बोलू लागतो. फिटनंतरचा हा मनोविकार वेळीच औषध दिलं तर बहुधा लवकर आटोक्यात येतो. मधले बरे दिवस असल्यामुळे त्याचा फिटशी संबंध कोणी लावत नाही, आणि आमच्या भागात असा माणूस दवाखान्याआधी देवस्कीवाल्याकडे पोचतो. पहिली खूण झोप उडण्याची, म्हणून आठवडाभर तिच्या झोपेवर लक्ष ठेवायला सांगितलं. झोप व्यवस्थित राहिली.

गोळ्या: कार्बामाझेपिन पूर्वीचंच, जोडीला लेव्हेटिरासिटाम ५०० दोन वेळा. सोडियम आठवड्याने पुन्हा तपासलं, १३६. विहिरीवर एकटीने जायचं नाही, चुलीशी दुसरं माणूस असल्याशिवाय बसायचं नाही. हरतालिकेबद्दल तिनेच विचारलं. घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची, उपास सोडायचा की धरायचा ते तिने ठरवावं, असं मी म्हणालो. त्यावर सासूबाईंनी औषधाच्या पाण्याने उपास मोडत नाही असा निर्वाळा दिला. माझ्या सल्ल्यापेक्षा त्याला त्या घरात जास्त किंमत आहे.

एक प्रश्न शिल्लक आहे. फिटची जागा, जुना ठिपका आणि दोन्ही आलेखांतल्या लाटा एकाच ठिकाणी जुळतात. दोन औषधं नियमित घेऊनही फिट आली, तर मोठ्या केंद्रात व्हिडिओ-ईईजी आणि एमआरआय करून तो भाग शस्त्रक्रियेने काढता येईल का, हे तपासावं लागेल. डावी बाजू असल्याने भाषा आणि स्मरणशक्तीची चाचणी त्याआधी करावी लागेल. ती आत्ता नको म्हणते. सहा महिने फिट नाही. तिन्ही आलेखांच्या फाइल पुतणीच्या फोनमध्ये ठेवल्या आहेत, पुढचा डॉक्टर जो असेल त्याला दाखवायला.